गाडी खाली आणण्यापूर्वी : सस्पेन्शन बदलताना काय पाहावे?

गोव्यातील अरुंद रस्त्यांना आणि वाड्यावाड्यांतून जाणाऱ्या वळणावळणाच्या वाटांना छोटी हॅचबॅक मोटार सोयीची पडते. स्विफ्ट, आय-२० किंवा आता उत्पादन थांबलेली पोलो अशी एखादी गाडी हाती आली की अनेक तरुण मालकांच्या मनात पहिला विचार येतो तो गाडी थोडी खाली बसवण्याचा. टायर आणि त्यावरील कमान यांच्यामधली चार बोटांची फट त्यांना खटकते. गाडी जमिनीलगत आली तर ती देखणी दिसेल आणि वळणावरही घट्ट चालेल, अशी त्यांची अपेक्षा असते.

या अपेक्षेत दोन वेगळ्या इच्छा मिसळलेल्या आहेत. गाडी देखणी दिसणे ही एक आणि ती वळणावर विश्वासाने चालणे ही दुसरी. पहिली इच्छा केवळ उंची कमी करून पूर्ण होते. दुसरी तशी होत नाही. उलट, चुकीच्या पद्धतीने खाली आणलेली गाडी मूळ गाडीपेक्षा वाईट वळते, ओल्या रस्त्यावर अधिक लांब घसरते आणि थांबायला अधिक अंतर घेते. त्यामुळे पैसे खर्च करण्यापूर्वी सस्पेन्शनचा कोणता भाग कोणते काम करतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

स्प्रिंग आणि शॉकअप : दोन वेगळी कामे

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते, खड्ड्यात उतरले की ती लांबते, आणि बराचसा धक्का सांगाड्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र एकदा दबलेली स्प्रिंग लगेच शांत होत नाही. ती वरखाली उसळत राहते. ही उसळी शमवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते व त्या तेलातून एक दट्ट्या सरकतो. दट्ट्यातील बारीक झडपांमधून तेल ढकलले जात असताना उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते. थोडक्यात, गाडी किती उंच उभी राहील आणि वजनाखाली किती दबेल हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. ती हालचाल किती वेगाने होईल आणि केव्हा थांबेल हे शॉकअप ठरवतो.

बहुतेक छोट्या मोटारींत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती विकसित केली आणि १९५० च्या सुमारास फोर्ड कंपनीच्या गाड्यांतून ती रस्त्यावर आली. एका उभ्या खांबात शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि तळाशी चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, एवढीच तिची मांडणी. जागा आणि खर्च दोन्ही वाचत असल्याने छोट्या गाड्यांनी ती आपलीशी केली. मागच्या बाजूला सहसा टॉर्शन बीम असतो. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पीळ सोसणारी एक पोलादी तुळई. उंची बदलली की या दोन्ही रचनांवर वेगवेगळा परिणाम होतो.

तीस मिलिमीटरांचा हिशेब

गाडी वळते तेव्हा वजनाचा काही भाग आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. हा भार जितका कमी सरकेल तितकी चारही टायरांची पकड चांगली वापरली जाते. किती भार सरकणार हे चार गोष्टींवर अवलंबून असते : गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर.

चालकासह एक हजार किलो वजनाची एखादी छोटी गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५४० मिलिमीटर उंच आणि चाकांमधील अंतर दीड मीटर मानू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बऱ्यापैकी जोरात, ती वळत असेल तर सुमारे १८० किलो भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. आता हीच गाडी ३० मि.मी. खाली आणली. गुरुत्वमध्य ५१० मि.मी. वर आला आणि सरकणारा भार १७० किलो झाला. लाभ आहे, पण तो एकशे ऐंशी किलोंत दहा किलोंचा आहे.

मग गाडी खाली आणल्यावर ती ‘एकदम बदलली’ असे चालकाला का वाटते? कारण उंची कमी करणाऱ्या चांगल्या स्प्रिंग केवळ आखूड नसतात, त्या कडकही असतात. कडक स्प्रिंगमुळे गाडी वळणावर कमी कलते आणि स्टिअरिंग फिरवताच प्रतिसाद मिळतो. चालकाला जाणवतो तो बहुतांशी हा कडकपणा. पकड म्हणजे टायर आणि रस्ता यांचा अखंड संपर्क. ती राखण्यात सर्वांत मोठा वाटा टायरचा आणि त्याखालोखाल शॉकअपचा असतो.

शॉकअपचा हा वाटा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली की गाडीच्या उसळण्याची लय सुमारे १४ टक्क्यांनी जलद होते. दबलेली कडक स्प्रिंग अधिक जोराने परत उसळते आणि मूळ मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला शॉकअप तिला वेळेत आवरू शकत नाही. शॉकअप जुना, तेल गळालेला असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. खडबडीत वळणावर चाक रस्त्याला टेकून राहण्याऐवजी टणाटण उडू लागते. जितका वेळ टायर हवेत, तितका वेळ पकड शून्य. म्हणूनच ऐंशी हजार किलोमीटर धावलेल्या गाडीच्या जुन्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंग चढवणे ही बचत ठरत नाही.

खाली आणल्याने काय गमावते?

गाडीची उंची कमी केली की चाकाला वर सरकण्यासाठी असलेली जागा तेवढीच कमी होते. छोट्या मोटारीत चालकासह उभ्या गाडीचे चाक शेवटच्या रबरी ठोकळ्याला, म्हणजे बंप स्टॉपरला, टेकेपर्यंत साधारण ७० ते ८० मि.मी. वर जाऊ शकते असे धरले, तर ४० मि.मी. खाली आणलेल्या गाडीत त्यातले निम्मेच उरते. चार माणसे बसली की आणखी जागा जाते. मग मध्यम आकाराच्या खड्ड्यातही सस्पेन्शन ठोकळ्यावर आदळते. भर वळणात असे झाले तर त्या चाकाचा कडकपणा क्षणार्धात कैक पटींनी वाढतो आणि टायर सुटतो. चालकाच्या दृष्टीने हा क्षण सर्वांत धोकादायक, कारण तो कोणतीही पूर्वसूचना देत नाही.

दुसरे नुकसान भूमितीचे. मूळ उंचीवर लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आणली की त्याचे चाकाकडील टोक वर जाते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू मॅकफर्सन रचनेत अशा वेळी गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक वेगाने खाली जातो. दोहोंतील अंतर वाढल्याने गाडीला कलवणारा जोर वाढतो. याचा अर्थ असा की स्प्रिंग कडक न करता केवळ उंची कमी केली तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. सोबतच टाय रॉडचा कोनही बदलतो. त्यामुळे खड्ड्यावरून जाताना, स्टिअरिंग स्थिर धरले तरी, चाके आपोआप किंचित आत-बाहेर वळतात आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटते. ही दोन्ही दुखणी २० मि.मी. पर्यंत फारशी जाणवत नाहीत, ४० मि.मी. च्या पुढे ती ठळक होतात.

बाजारातील पर्याय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापणे. तो पूर्णपणे टाळावा. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग थोडी कडक होते खरी, पण तिची लांबी त्या प्रमाणाबाहेर घटते. चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सैल होते आणि वजन परत येताना वेडीवाकडी बसू शकते. कापलेले टोक बैठकीत नीट मावत नाही. स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने कापली असेल तर त्या जागी पोलादाचा कस उतरतो आणि ती पुढे तुटण्याची भीती राहते. स्प्रिंग तापवून दाबणे हा प्रकारही याच जातीचा.

दुसरा पर्याय तयार लोअरिंग स्प्रिंगचा. जर्मनीतील आयबाख आणि एच अँड आर या अशा स्प्रिंग बनवणाऱ्या जुन्या, नावाजलेल्या कंपन्या. चांगली स्प्रिंग विशिष्ट मॉडेलसाठी, इंजिनाच्या वजनानुसार बनवलेली असते. डिझेल इंजिन जड असल्याने डिझेल गाडीची पुढची स्प्रिंग पेट्रोल गाडीला चालत नाही. विक्रेत्याला उंची किती कमी होईल एवढेच विचारून भागत नाही. कडकपणा मूळच्या तुलनेत किती वाढतो आणि पूर्ण भारासह ही स्प्रिंग तपासलेली आहे का, हेही विचारावे. उत्तर मिळत नसेल तर ती स्प्रिंग केवळ दिसण्यासाठी आहे असे समजावे.

तिसरा आणि बहुतेक मालकांसाठी योग्य पर्याय म्हणजे एकमेकांसाठी जुळवलेल्या स्प्रिंग व शॉकअपचा संच. बिलस्टाइन, कोनी, केवायबी यांसारख्या कंपन्या केवळ शॉकअपमधील कसबासाठी ओळखल्या जातात. आखूड स्प्रिंगसाठी बनवलेल्या शॉकअपचा दांडाही आखूड असतो, त्यामुळे चाक लोंबकळले तरी स्प्रिंग सैल होत नाही, आणि झडपा वाढीव कडकपणाच्या मापाने बसवलेल्या असतात.

चौथा पर्याय कॉइलओव्हरचा. यात आट्यांवरील चकती फिरवून उंची हवी तशी ठेवता येते. महागड्या प्रकारांत शॉकअपचा जोरही बदलता येतो. शर्यतीच्या मैदानावर ही सोय मोलाची असते. रोजच्या वापरात मात्र स्वस्त कॉइलओव्हर हा मध्यम दर्जाच्या साध्या संचापेक्षा बहुधा निकृष्ट निघतो. त्यातच आपल्या किनारपट्टीची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यातला लाल चिखल आट्यांमध्ये बसला की दोन वर्षांत चकती जागची हलत नाही आणि ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच नाहीशी होते.

उंचीला हात न लावता कलणे कमी करायचे असेल तर जाड स्टॅबिलायझर बारचा मार्ग आहे. छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि जोरात वळताना त्यांचे नाक बाहेर जाऊ पाहते. मागे जाड बार बसवला की ही खोड कमी होते. परंतु याची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी लागते. ओल्या घाटात, उतारावरच्या वळणावर चालकाने घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर अशा गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाण्याची शक्यता वाढते. चोर्ला किंवा अनमोड घाटातून पावसात ये-जा करणाऱ्या सामान्य चालकासाठी नाक बाहेर जाणारी गाडी अधिक सुरक्षित असते, आणि उत्पादक ती तशी जाणीवपूर्वक बनवतात.

गतिरोधक, फेरीधक्का आणि पावसाळा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १०० मि.मी. उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा असावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता यावा, अशी त्यामागील कल्पना आहे. सुमारे २.४५ मीटर चाकांतर असलेली गाडी अशा गतिरोधकावर पूर्ण चढली, तर कमान सौम्य असल्याने तिच्या पोटाखालची जागा मध्यभागी साधारण ४५ मि.मी. च कमी होते. त्यामुळे नियमानुसार बांधलेला गतिरोधक खाली आणलेल्या गाडीलाही सहसा अडवत नाही.

अडचण येते ती वाड्यावाड्यांवर घातलेल्या अरुंद, उभट गतिरोधकांची. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये संपूर्ण मावतो आणि त्याची सगळीच उंची पोटाखालच्या जागेतून वजा होते. या गटातील गाड्यांची रिकामी असतानाची जमिनीपासूनची उंची १६० ते १७० मि.मी. च्या आसपास असते. ती १६५ धरू. चार माणसे व सामान भरले की मूळ स्प्रिंग सुमारे ३० मि.मी. दबते आणि १३५ मि.मी. उरतात. कडक स्प्रिंग थोडी कमी, समजा २५ मि.मी. दबेल. तेव्हा २५ मि.मी. खाली आणलेल्या गाडीत भारासह ११५, तर ४० मि.मी. खाली आणलेल्या गाडीत १०० मि.मी. राहतात. पुढ्यात ११० मि.मी. उंचीचा अरुंद गतिरोधक आला तर पहिली गाडी अगदी हळू नेल्यास जेमतेम सुटेल. दुसरीचे इंजिनाचे पोट किंवा सायलेन्सर घासणार. पंधरा मिलिमीटरांचा फरक इथे निर्णायक ठरतो.

फेरीबोटीचा वापर करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी अशा मार्गांवर धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यातील कोन भरती-ओहोटीनुसार बदलतो. या ठिकाणी पोटापेक्षा पुढचा बंपर आधी टेकतो. रोजचा प्रवास फेरीने होत असेल तर गाडी खाली आणण्याचा बेत मुळातूनच तपासावा.

पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली दडलेला असतो, त्याची खोली कळत नाही. चाक वर सरकण्याची जागा आधीच निम्मी झालेली असेल तर असा एक खड्डा अलॉय रिम वाकवायला किंवा शॉकअपचा दांडा तिरका करायला पुरतो. या सर्वांचा विचार करता येथील रोजच्या वापराच्या गाडीसाठी २० ते २५ मि.मी. ही समंजस मर्यादा मानता येते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, अशी ‘बदल’ या शब्दाची व्याख्या कायद्याने केली आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

स्प्रिंगची लांबी नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते. त्यामुळे २० मि.मी. चा फरक या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. वाद टाळण्याचा मार्ग म्हणजे काम करण्यापूर्वीच वाहतूक खात्याकडे लेखी विचारणा करणे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवणे. अपघातानंतर न कळवलेला बदल उघडकीस आला तर दाव्याच्या वेळी तो अडचणीचा मुद्दा बनतो. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत सस्पेन्शनच्या तक्रारी नाकारल्या जाण्याची शक्यताही गृहीत धरावी.

कामाचा क्रम

चांगली वळणारी गाडी हवी असेल तर खर्चाची सुरुवात स्प्रिंगपासून करू नये. प्रथम टायर पाहावेत. त्यांचे रबर कडक झाले असेल किंवा नक्षी १.६ मि.मी. च्या खुणेजवळ आली असेल तर जगातील कोणतेही सस्पेन्शन ओल्या रस्त्यावर उपयोगी पडणार नाही. हवेचा दाब दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीनुसार ठेवावा. त्यानंतर लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटच्या माथ्यावरील माउंट तपासून झिजलेले बदलावेत. मग चांगल्या प्रतीचे नवे शॉकअप, पुढचे व मागचे जोडीने. एवढ्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतले आणि महिनाभर गाडी चालवून पाहिली, तर अनेकांना पुढच्या खर्चाची गरजच वाटत नाही. जी ढिलाई मूळ रचनेचा दोष म्हणून गणली होती, ती झिजलेल्या भागांची होती असे लक्षात येते.

तरीही गाडी खाली आणायची असेल तर शॉकअप घेतानाच त्यांना जुळणाऱ्या स्प्रिंगचा संच घ्यावा, म्हणजे खोलण्याची मजुरी दोनदा पडत नाही. काम करून घेताना गॅरेजमध्ये एका गोष्टीचा आग्रह धरावा : रबरी बुशचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना. लिफ्टवर चाके लोंबकळत असताना ते आवळले तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. स्प्रिंग दाबण्यासाठी योग्य कंप्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम देऊच नये. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जखमी होतो.

काम झाल्यावर पुन्हा अलाइनमेंट करावे, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतातच. हेडलाइटचा झोत नव्याने जुळवावा. गाडीत चार माणसे बसवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कोठे घासतो का ते पाहावे. हजार किलोमीटर झाल्यावर स्प्रिंग स्थिरावतात. त्या वेळी चारही कोपऱ्यांची उंची मोजून अलाइनमेंट पुन्हा तपासावे. टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजू लागली तर कोन चुकलेले आहेत असे समजून लगेच दुरुस्ती करावी.

ऋतूचाही विचार व्हावा. हे काम पावसाळा संपल्यावर करून घेतले तर बदललेल्या गाडीचा स्वभाव ओळखायला कोरड्या रस्त्यांचे सात-आठ महिने मिळतात. पहिल्या पावसात तिला घाटात नेताना चालकाला ती कोठे सुटते हे ठाऊक असलेले बरे.